मंडळीचे घड्याळ

शास्त्रपाठ : 1 करिंथ 11:17–34, मत्तय 25:1–13, लूक 14:28–30



सुरतेच्या झांपा बाजारात घड्याळाचा एक जुना मनोरा आहे. 1871 साली एका पारशी गृहस्थाच्या देणगीतून तो उभा राहिला. खिशात घड्याळ बाळगणारा माणूस त्या काळी विरळा, म्हणून वेळ पाहायला मान वर करावी लागे. आज लिंबायतेतल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातही दोन मोबाईल असतात आणि त्यांत मिनिटाचीही चूक नसते. म्हणजे वेळ कळत नाही, ही अडचण आता उरलेली नाही. तरीसुद्धा नऊची उपासना साडेनऊला सुरू होते आणि पहिल्या गीताला बाके अर्धी रिकामी असतात. असे का व्हावे?

कित्येक जण हसून म्हणतात, "आपली भारतीय वेळ!" हे म्हणणे आम्हांला मान्य नाही. आपल्या पूर्वजांनी घटका मोजली ती चोवीस मिनिटांची, आणि पळ मोजले ते चोवीस सेकंदांचे. पाण्यात घटिकापात्र सोडून त्याच्याकडे डोळे लावून बसणाऱ्या लोकांना वेळेची पर्वा नव्हती, असे कोण म्हणेल? आणि दूर कशाला जायचे? खानदेशातून तापीकाठच्या रेल्वेने येऊन उधना-पांडेसऱ्यात स्थायिक झालेले आपले बांधव कारखान्यात कसे जातात ते पाहावे. बऱ्याच ठिकाणी बारा-बारा तासांच्या पाळ्या, सकाळी सातला एक आणि रात्री सातला दुसरी. सातच्या पाळीला माणूस पावणेसातला फाटकाशी हजर असतो. पहाटे मुंबईकडे निघणारी फ्लाईंग राणी गाठायची असेल, तर सगळे घर तीनला जागे होते. गाडी आपल्यासाठी थांबणार नाही, हे लहान मूलदेखील जाणते.

तेव्हा दोष स्वभावाचा नाही. आपल्याजवळ घड्याळे दोन आहेत, एक कारखान्याचे आणि एक मंडळीचे.

दोन घड्याळांची गोष्ट आपल्या देशाला नवी नाही. एके काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत असे आणि गावे आपापल्या वेळेवर चालत. 1 जानेवारी 1906 पासून देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईकरांनी आपली जुनी वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती, आणि शहरातील काही व्यवहारांत ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. आपल्या काही मंडळ्या अजून त्याच एकोणचाळीस मिनिटांवर चालतात की काय, असा संशय येतो!

याहून खेदाची गोष्ट ही की घड्याळाचे मूळ कारखान्यात नाही. युरोपात यंत्राची घड्याळे तेराव्या-चौदाव्या शतकात होऊ लागली, आणि मठांतील प्रार्थनेच्या नेमलेल्या वेळा पाळण्याची गरज हे त्यामागचे एक मोठे कारण होते. घंटा आधी प्रार्थनेसाठी वाजली, भोंगा फार मागाहून आला. आज भोंग्याला धावणारे पाय घंटेला रेंगाळतात.

आता कोणी शास्त्राचाच आधार घेईल. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी प्रेषित पौल प्रभुभोजनासाठी एकमेकांची वाट पाहण्यास सांगतो ना? मग थोडे थांबले तर काय बिघडले? हे वचन नीट वाचावे. करिंथ येथे काय घडत होते? काही जण आधी येऊन आपापले जेवण उरकून घेत. कोणी पिऊन तर्र होई, तर कोणी उपाशी राही, आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते त्यांची मान खाली जाई. अभ्यासक असे समजतात की मागाहून येणारे हे बहुधा गुलाम आणि मजूर होते. धन्याचे काम संपल्यावाचून त्यांना निघता येत नसे. पौल त्यांच्यासाठी थांबा म्हणतो. ज्याची वेळ त्याच्या हाती नाही, त्याची वाट पाहा, हा त्याचा आग्रह आहे.

आपल्याकडे कोण कोणासाठी थांबतो? डिंडोलीहून दोन बस बदलून आलेली विधवा बहीण पावणेनऊपासून बाकावर बसलेली असते. स्कूटरवरून पाच मिनिटांत येऊ शकणारे कुटुंब साडेनऊला येते आणि त्यांच्यासाठी उपासना अडते. म्हणजे करिंथचे चित्र नेमके उलटे! साठ जणांची मंडळी वीस मिनिटे थांबली, तर वीस तास गेले. ते कोणाच्या पदरचे गेले? उशिरा येणाऱ्याचे एक मिनिटही गेलेले नाही. जे वेळेवर आले त्यांनीच सारी किंमत भरली.

कारखान्यात ही किंमत डोळ्यांना दिसते. आपण पोहोचलो नाही, तर रात्रभर मागावर उभा राहिलेला माणूस सुजलेल्या पायांनी आपली वाट पाहत राहतो. सकाळी त्याचा चेहरा पाहावा लागतो, म्हणून आपण धावतो. उपासनेत वाट पाहणाऱ्यांची पाठ तेवढी आपल्याला दिसते, कारण आपण मागच्या दाराने आत शिरतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. सात वर्षांचे मूल हट्टाने आईला ओढत वेळेवर येते आणि वर्गात शिक्षक नाही. ते भिंतीवरचे चित्र पाहते, चप्पल काढते, पुन्हा घालते. चार रविवार असे गेले की ते आईला ओढणे सोडून देते. त्या मुलाला उशीर करणे कोणी शिकवले? धडा उत्तम तयार असला, तरी त्याआधीचा हा धडा शिकवून झालेला असतो.

सवय मोडायची कशी? दहा कुमारींचा दाखला पाहावा. त्यात वराला उशीर झाला आणि दहाही जणींना झोप लागली. शहाण्या जागत राहिल्या आणि मूर्ख झोपल्या, असे तेथे नाही. फरक होता तेलाचा, आणि ते घरून निघतानाच बरोबर घ्यायचे होते. तसेच रविवारचा उशीर बहुतेक शनिवारी रात्रीच ठरून गेलेला असतो. इस्त्रीचे कपडे, मुलाचा दुसरा मोजा, गीतपुस्तक, दानाचे पाकीट, गाडीतले पेट्रोल ही सगळी तेलाचीच कामे. आणि ती एकट्या आईच्या माथी मारून बापाने दाराशी हॉर्न वाजवू नये!

दुसरे असे की आपला हिशेब कच्चा असतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना विचारले होते, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? उत्तरांची सरासरी सुमारे 34 दिवस आली. प्रत्यक्षात सुमारे 55 लागले. मन सगळे सुरळीत होईल असेच धरून चालते. आपणही म्हणतो, "वीस मिनिटांचा तर रस्ता!" त्यात जिना, कुलूप, विसरलेला चष्मा, उधन्याची गर्दी आणि गाडी लावायला जागा शोधणे धरलेले नसते. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. तसे बसावे. नऊपासून मागे मोजत यावे, प्रत्येक कामापुढे मिनिटे लिहावीत, आणि एक-दोन रविवार खरोखर किती लागली तेही लिहावे. कागद खोटे बोलत नाही.

मंडळीचेही एक कर्तव्य आहे. नऊ म्हणजे साडेनऊ हे एकदा सर्वांना कळले, की लोक पावणेदहाला येऊ लागतात, आणि मग दहाला. थांबणे हाच उशिराचा खुराक आहे. पाळकांनी नऊच्या ठोक्याला प्रार्थनेला आरंभ करावा, समोर तिघेच असले तरी. दोघातिघांच्या मध्ये हजर राहण्याचे वचन प्रभूने दिले आहे. त्याने कोरमची अट घातलेली नाही. मात्र व्यासपीठावरून टोमणे मारू नयेत, कारण ते ऐकायला वेळेवर आलेलेच तेवढे हजर असतात.

आणि ज्यांचा उशीर हा उशीर नव्हे, त्यांचे काय? रात्रपाळी करून सातला सुटलेला बांधव घरी जाऊन दोन तांबे पाणी अंगावर घेतो आणि तसाच निघतो. सर्वांना रविवारीच सुट्टी मिळते असेही नाही. त्याला आणि सवयीने रेंगाळणाऱ्याला एकाच तराजूत घालणे हा अन्याय होईल. त्याच्यासाठीच पौलाने थांबा म्हटले होते. पंच कमिटीने एकदा बसून आपल्यांपैकी कोणाची पाळी कधी सुटते याची यादी करावी. प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना दहाला ठेवली तर त्यातले किती जण येऊ शकतील, हे त्यांनाच विचारावे. ठरेल ती वेळ पाळावी. दाराजवळची दोन बाके त्यांच्यासाठी मोकळी ठेवावीत, आणि चालू असलेले गीत काढून पुस्तक त्यांच्या हाती देणारा कोणीतरी तेथे उभा असावा.