सुई कुणाच्या हाती?

बाईच्या दंडात तीन महिन्यांनी एक सुई टोचली की पोट राहत नाही. डेपो-प्रोव्हेरा हे तिचं बाजारातलं नाव. सरकारनं २०१७ साली ‘अंतरा’ म्हणून ती कुटुंबनियोजनात आणली, फुकट केली, गावोगाव पोचवायला घेतली. चळवळीतले काही म्हणतात, बंद करा. काही म्हणतात, गरिबाच्या बाईला यापरीस सोय नाही. मी दोघांनाही एकच इचारतो : टोचायच्या आधी तिला ‘नको’ म्हणायला जागा आहे का?

कारण गोळी फेकून देता येते, तांबी काढून घेता येते. हे औषध एकदा अंगात गेलं की गेलं. मग पाळी चुकते, थांबते, नाहीतर अंगावरून जातच राहतं. हाडं विरळ होतात. सुई सोडल्यावरही दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात. हे सगळं ऐकून बाई ‘हो’ म्हणाली, तर तो तिचा हक्क. न सांगता टोचली, तर तिचं अंग म्हणजे गायरान. कुणीही यावं, खुंटी ठोकावी.

ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत अटलांटाच्या ग्रेडी क्लिनिकमध्ये १९६७ ते १९७८ या औषधाचे प्रयोग चालले. त्यांत गरीब काळ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. आपल्याकडं १९८५ साली, तेव्हाच्या आंध्रातल्या पटणचेरूला नेट-एन नावाच्या दुसऱ्या सुईची चाचणी मांडली होती. आलेल्या बायकांना ही चाचणी आहे हेच सांगितलं नव्हतं. स्त्री शक्ती संघटना १९८६ साली सुप्रीम कोर्टात गेली. प्रयोगाला दरवेळी गरिबाचंच कातडं का लागतं?

तरीही, बंदी मागणाऱ्यांनी बाबासाहेब आठवावेत. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा त्यांचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहानं तो पाडला. मूल कधी हवं, हवं की नको, हे बाईच्या हाती असावं ही मागणी आपली जुनी आहे. ती सोडायची कशी?

आता आपल्या घरात बघू. ही सुई कित्येक बायकांना बरी का वाटते? नवऱ्याला कळत नाही, सासूला दिसत नाही. उघड ‘नको’ म्हणायची सोय नाही, म्हणून ती आपला नकार दंडात लपवते. सरकारला जाब विचारणारे आपण बाप्ये, हा जाब कुणाला विचारायचा? पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. पण आपण तिकडं फिरकत नाही, मर्दानगी जाईल म्हणून. आणि सभेत स्त्रीमुक्तीवर तास-तास बोलतो.

तेव्हा मित्रांनो, सुई खेड्यात जरूर न्या. पण ज्या उपकेंद्रात बाई सगळं ऐकून ‘हे नको, दुसरं दाखवा’ म्हणेल आणि तिला कुणी हिडीसफिडीस करणार नाही, तिथंच ती शोभेल. आणि हेच ती नवऱ्याच्या तोंडावर म्हणू शकेल, असं पहिलं घर आपलं असू द्या.