ज्याची वही, त्याचा प्रयोग

अण्णांनी दादरच्या शिवाजी मंदिरात कपड्यांच्या ट्रंका उचलण्यापासून सुरुवात केली. 1965 साली उघडलेल्या त्या नाट्यगृहात सकाळ, दुपार, रात्र असे तीन-तीन प्रयोग लागायचे. एका नाटकाचा सेट उतरतो न उतरतो, तोच दुसऱ्याची गाडी दारात उभी. त्या धांदलीतच अण्णा व्यवस्थापक झाले. आता त्यांच्या हाताखाली नितीन आणि सुषमा शिकत होते. दोघंही नाट्यशास्त्राची पदवी घेऊन आलेले आणि दोघांकडे अण्णांच्या नाट्यसंस्थेचं एकेक नाटक.

नितीनची स्मरणशक्ती दांडगी. दुसऱ्या अंकात फोन कधी वाजतो असं विचारलं, की तो आधीच्या वाक्यासकट सांगायचा. संहितेची प्रत हातात असायची ती नावाला. नटमंडळी म्हणत, "नितीन विंगेत आहे ना, मग घोर नाही." तो नसला तर त्याच्या नाटकाला हात लावायला कुणी धजत नसे, आणि याचा त्याला मनातून अभिमान होता.

सुषमा सदा लिहीत बसलेली. तिने संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान शिवून घेतलं होतं. त्यावर प्रकाशाचे आणि आवाजाचे क्यू, प्रत्येकाला नंबर. क्यूच्या दोन वाक्यं आधी 'तयार' असं लिहिलेलं आणि नेमक्या शब्दाखाली लाल रेघ. सोफ्याचे पाय कुठे येतात ते फुटांत मोजलेलं, रंगमंच लहान मिळाला तर काय आत सरकवायचं तेही. हातप्रॉपर्टीच्या टेबलावर कागद पसरून तिने चष्मा, पत्र, पानाचा डबा यांच्या आकृत्या काढल्या होत्या. एखादी आकृती रिकामी दिसली, की ती वस्तू अजून आलेली नाही हे समजायचं.

"एवढं लिहीपर्यंत पाठ होईल की," नितीन हसायचा.

सातारा, कोल्हापूर, सांगली असा दौरा ठरला. दोन्ही नाटकं जायची होती आणि अण्णांना डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. दौऱ्याची सूत्रं कुणाकडे द्यायची? अण्णांनी दोन रंगीत तालमी लावल्या आणि सांगितलं, "शनिवारी सुषमाचं नाटक नितीन चालवेल, रविवारी नितीनचं सुषमा. आदल्या रात्री एकमेकांची प्रत घरी न्या. तिसरी घंटा झाली की विचारणं बंद."

शनिवारी नितीनने तालीम अशी चालवली, की कुठे खोट नाही. ब्लॅकआउट चोख, पत्र जागेवर. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

रविवारी सुषमाच्या हातात नितीनची प्रत होती. समासात नुसत्या फुल्या आणि बाण. एका फुलीजवळ 'नेहमीप्रमाणे' एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या अंकात फोन वाजलाच नाही. नट रिसिव्हरकडे हात नेऊन थांबला, आठवेल ते बोलत राहिला. चष्मा टेबलावर नव्हता; तो नितीन स्वतःच्या खिशात ठेवायचा. तालीम कशीबशी संपली.

"पोरगी गोंधळली," कुणीतरी म्हणालं. सुषमाची मान खाली गेली.

अण्णा उठले. "कालची तालीम चांगली झाली ती सुषमाची. आज फसली ती नितीनची."

"पण अण्णा, काल मी होतो विंगेत!" नितीन म्हणाला.

"होतास. कशाच्या जोरावर? नवखा माणूस चुकणार नाही अशी वही तिने तुझ्या हातात दिली. तू तिला काय दिलंस? दौऱ्यावर एखाद्याला ताप येतो, कुणाची गाडी चुकते. सांगलीच्या प्रेक्षकाला ते सांगून चालतं का? त्याने तिकीट काढलेलं असतं."

नितीन गप्प झाला. दौऱ्याची सूत्रं सुषमाकडे गेली. नितीनलाही अण्णांनी पाठवलं, पण एका अटीवर. निघण्याआधी त्याने आपली प्रत नव्याने लिहायची आणि चहा आणणाऱ्या पोराला वाचायला द्यायची. फोन कधी वाजवायचा ते त्या पोराने न अडखळता सांगितलं, तरच बसमध्ये जागा.

तात्पर्य: आपलं काम दुसऱ्याला बिनघोर उचलता येईल असं जो मांडून ठेवतो, त्याच्यावरच मोठं काम सोपवावं.