घातकता आणि धोका : सार्सचा अर्धाच वाचलेला धडा

रोग जितका घातक तितका तो समाजाला धोकादायक, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु करोना विषाणूंमुळे होणाऱ्या तीव्र श्वसनविकारांचा गेल्या दोन दशकांतील इतिहास या समजुतीला छेद देतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात नोव्हेंबर २००२मध्ये उद्भवलेल्या ‘सार्स’ने जगभरात ८,०९६ जणांना ग्रासले आणि त्यांतील ७७४ जण, म्हणजे दहामागे जवळपास एक, दगावले, तरीही जुलै २००३मध्ये त्याची साथ आटोपली. याउलट, २०१९च्या अखेरीस वुहानमध्ये आढळलेल्या त्याच कुळातील विषाणूचा मृत्युदर कितीतरी कमी असूनही, जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदल्या गेलेल्या कोविडमृत्यूंची संख्या सत्तर लाखांच्या पुढे गेली. या विसंगतीचे उत्तर विषाणूच्या जहालपणात नसून तो शरीरात कोठे आणि केव्हा वाढतो, यात आहे.

विषाणूच्या पृष्ठभागावरील टोकदार प्रथिने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रभावळीसारखी दिसतात, म्हणून या कुळाला लॅटिनमधील मुकुटवाचक शब्दावरून करोना हे नाव मिळाले. ही प्रथिने मानवी पेशींवरील ‘एसीई-२’ या ग्राहीला, म्हणजे विषाणूला आत शिरण्यासाठी कडीसारख्या उपयोगी पडणाऱ्या रेणूला, चिकटतात. सार्स आणि कोविड या दोन्ही रोगांच्या विषाणूंची कडी एकच आहे. मात्र सार्सचा विषाणू प्रामुख्याने फुप्फुसांत खोलवर वाढे, तर कोविडचा विषाणू नाक-घशातही आरंभापासून जोमाने वाढतो. रक्तात प्राणवायू मिसळतो तो फुप्फुसांतील वायुकोशांत; विषाणूमुळे आणि त्याच्याविरुद्ध शरीराने दिलेल्या बेसुमार प्रतिक्रियेमुळे हे सूक्ष्म फुगे द्रवाने भरले की रुग्णाचा श्वास कोंडतो. सार्सला घातक करणारी ही खोलीच त्याच्या प्रसाराला विलंबही लावत असे, कारण रुग्णाच्या श्वसनमार्गातील विषाणूंचे प्रमाण आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात शिखरावर पोहोचे आणि तोवर तो बहुधा रुग्णालयात दाखल झालेला असे.

सार्सचा भूगोल रुग्णालयांभोवती आखला गेला तो यामुळेच. फेब्रुवारी २००३मध्ये ग्वांगझूचा एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात उतरला आणि तेथे बाधित झालेल्या पाहुण्यांबरोबर रोग हनोई, सिंगापूर व टोरांटो येथे पोहोचला. पण त्या शहरांतील पुढील साखळ्या मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांतूनच वाढल्या. एकूण बाधितांपैकी सुमारे पाचवा हिस्सा आरोग्यकर्मचाऱ्यांचा होता. हनोईत या रोगाचे वेगळेपण ओळखून जगाला सावध करणारे डॉ. कार्लो अर्बानी हेही २९ मार्च २००३ रोजी त्यालाच बळी पडले. रोग जेथे पसरत होता तेथेच तो दिसतही होता. त्यामुळे ताप मोजणे, रुग्णाला वेगळे ठेवणे आणि त्याच्या संपर्कातील व्यक्तींचा माग काढणे या जुन्याच उपायांनी साखळी तुटली.

या यशात मानवी कर्तृत्व नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अर्बानींचा इशारा उशिरा आला असता तर आकडे वेगळे दिसले असते. पण त्या कर्तृत्वाला विषाणूच्या स्वभावाची साथ होती, हे नंतरच्या काळात पुरेसे ध्यानात राहिले नाही. २०१२मध्ये सौदी अरेबियात ओळखल्या गेलेल्या ‘मर्स’नेही हेच दाखवले : उंटांकडून माणसांत येणारा हा रोग नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचा जीव घेतो, तरी माणसामाणसांत तो सहजी पसरत नाही. मात्र २०१५मध्ये मध्यपूर्वेतून परतलेल्या एकाच प्रवाशामुळे दक्षिण कोरियात १८६ जणांना त्याची लागण झाली व ३८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हाही त्याला वाट मिळाली ती गर्दीने भरलेल्या रुग्णालयांतूनच.

भारताच्या वाट्याला २००३मध्ये अवघे तीन सार्सरुग्ण आले आणि त्यांतील कोणी दगावला नाही. ही संख्या सज्जतेचा पुरावा नव्हती. २०२०मध्ये मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या फाटकांवर कपाळाशी धरली गेलेली थर्मल गन हे त्या जुन्या विजयाचेच साधन होते. परंतु कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच विषाणू फैलावू लागतो आणि अनेकांना ताप येतही नाही, त्यामुळे फाटकातून निर्धास्तपणे आत सोडलेला माणूसही रोगवाहक असू शकत होता. वटवाघळांत करोना विषाणूंचे अनेक प्रकार वावरत असल्यामुळे असा आणखी एखादा विषाणू माणसात येणे अशक्य नाही. तेव्हा किती जण दगावतात, या प्रश्नाइतक्याच तातडीने, रुग्णाला आपण आजारी आहोत हे कळण्याआधी तो इतरांना बाधित करतो का, हेही तपासावे लागेल. कारण फाटकावर ताप मोजणे पुरेल की धडधाकट दिसणाऱ्यांनाही मुखपट्टी, मोकळी हवा आणि चाचणी लागेल, हे त्याच उत्तरावर ठरते.