सागर कोणाचा?

१४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिक महासागरावर एक रेघ आखली आणि तिच्या पश्चिमेकडील नवे प्रदेश स्पेनच्या हवाली केले. तेथील रहिवाशांना कोणी विचारले नाही. आज इतरांच्या रेघांविषयी बोलताना आम्ही ख्रिस्ती जनांनी हे प्रथम आठवावे.

दक्षिण चीन समुद्राच्या नकाशावर चीनने तुटक रेघांची माळ ओढून बहुतेक पाण्यावर हक्क सांगितला आहे. फिलिपाइन्सच्या लुझोन बेटापासून सुमारे १२० सागरी मैलांवर स्कारबरो नावाचे प्रवाळखडक आहेत. २०१२ पासून तेथे चिनी जहाजांचा पहारा आहे. २०१६ साली हेग येथील लवादाने रेघांमागील ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. चीनने निवाडाच झुगारला. अमेरिका कायद्याचा आग्रह धरते, पण १९८२ च्या सागरी कायदा कराराला तिने स्वतः मान्यता दिलेली नाही.

अशा वेळी दुर्बळाने काय करावे? १९९१ साली फिलिपाइन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळांना नकार दिला आणि पुढच्या वर्षी सुबिक बंदर रिकामे झाले. २०१४ च्या कराराने तेच दार पुन्हा उघडले. २०२३ मध्ये अमेरिकी सैन्याला खुल्या असलेल्या ठिकाणांची संख्या नऊ झाली. आम्ही त्यांना दोष कसा द्यावा? स्वसंरक्षण हा प्रत्येक राष्ट्राचा न्याय्य हक्क आहे. परंतु शेजारच्या दांडगटाच्या भयाने दुसऱ्या बलवंताला ओसरीवर बसविले, तर तो आपले भांडणही सोबत आणतो. नव्या चार ठिकाणांपैकी तीन उत्तर लुझोनमध्ये, तैवानच्या बाजूला आहेत. यजमानाचे अंगण परक्यांचे रणांगण होण्यास कितीसा वेळ लागतो?

त्या निवाड्यातील एक गोष्ट मात्र आम्हांला फार मोलाची वाटते. स्कारबरोचे खडक कोणाच्या मालकीचे, हे लवादाने ठरविलेच नाही. तेथे फिलिपिनो, चिनी व अन्य देशांचे मच्छीमार परंपरेने मासेमारी करीत आले आहेत आणि त्या हक्काच्या आड येणे बेकायदा आहे, एवढे त्याने सांगितले. मालकी ठरण्यापूर्वीच भाकरीचा हक्क उभा राहतो! सृष्टीची संपत्ती सर्वांसाठी आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळे काय सांगते?

म्हणून सागर कोणाचा, हा वाद सुटेपर्यंत आम्ही एवढेच विचारावे: पहाटे होडी घेऊन गेलेला गरीब माणूस संध्याकाळी जाळे भरून सुखरूप परतला का? ज्या संरक्षणाने त्याची वाट बंद होते, ते कोणत्याही निशाणाखाली असो, त्याला आम्ही शांती म्हणू शकत नाही.