दुसरा बाण



९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण आपल्या पुण्यात सापडले. महिना संपण्याआधीच देशभर टाळेबंदी आली. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे, संडास सार्वजनिक, आणि सरकार सांगते, अंतर राखा! धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना सोसायट्यांची फाटके बंद झाली. ताडीवाला रोड, भवानी पेठ इथल्या लोकांनी ते दिवस कसे काढले, ते त्यांनाच ठाऊक.

साथ गेली. काहींच्या छातीतली धडधड मात्र गेली नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की त्यांची झोप उडते, घरात कुणी खोकले की घाम फुटतो. आणि हे कुणी कुणाला सांगत नाही.

संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराला वेदना होते, तो पहिला बाण. त्या वेदनेपायी अज्ञानी माणूस शोक करतो, छाती बडवतो, तो दुसरा. पण या दृष्टांताचा आधार घेऊन दुःखिताला 'हे सारे तुझ्या मनाचे खेळ' असे कुणी म्हणू नये. रोजी बुडाली, घरातले माणूस गेले, त्याचे तोंडही पाहता आले नाही. हा मनाचा खेळ आहे काय? हा तर पहिलाच बाण, आणि तो खोल रुतलेला.

दुसरा बाण पुष्कळदा शेजारी मारतो. पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडत. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला त्या गाड्यातून सोडवले. मग बरा होऊन आलेल्या माणसाकडे पाहून दार लावून घेणे, हे काय होते? गाडाच होता तो, फक्त शेंदूर नव्हता!

अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर ठेवले. त्याच्याजवळ कुणी फिरकत नव्हते. याच पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्यांना भीती वाटली नसेल असे मला वाटत नाही. भीती वाटणे हा श्रद्धेचा कमकुवतपणा नव्हे, कुणा देवीचा कोपही नव्हे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, मग महिनोन्‌महिने झोप येत नसेल तर लाज कशाची? ससूनमध्ये मनोविकाराचा विभाग आहे. तिथे जाणारा वेडा ठरत नाही. अंगारा देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. तो पैसेही नेतो आणि वेळही.

ज्याला बोलायला घरात कुणी नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पौर्णिमेला वंदना झाल्यावर हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर ठळक लिहावा आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.