मासळीचे खत आणि भाजीचा सोवळेपणा

मासा साफ करताना निघणारे खवले, कल्ले, आतडी, डोके आणि शेपूट जमिनीसाठी उत्तम खत आहे. मांसल भागातील प्रथिने कुजली की नत्र मिळते. काट्यांतून आणि खवल्यांतून स्फुरद व कॅल्शियम सावकाश सुटत राहते. मासे धुतलेले पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतण्याची अनेक मराठी घरांतली रीत याच अनुभवातून आली आहे. कोकण-गोव्यात तारल्या मुबलक मिळाल्या, की उरलेली मासळी माडाच्या आळ्यात पुरतात. मात्र मांसाहारी आणि शाकाहारी घरे एकमेकांना लागून असतील, तर या साध्या कृतीतून दोन प्रश्न उभे राहतात. माशाच्या खतावर वाढलेली भाजी शाकाहाऱ्याला चालते का? आणि असे खत घालणे ही हिंसा आहे का? पहिला प्रश्न पदार्थाचा, दुसरा कर्माचा. दोन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही.

सांगली-तासगाव रस्त्यावरचे, मिरज तालुक्यातले माधवनगर अशा मिश्र वस्तीच्या परिसरात येते. या पट्ट्यात कृष्णेतले आणि तलावातले मासे खाणारी घरे आहेत, तशीच माळकरी, लिंगायत आणि जैन घरेही आहेत. इथला जैन समाज केवळ व्यापारी नाही. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे काम ज्या समाजात रुजले, त्यातला मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा आहे. त्यामुळे शेतीतल्या हिंसेचा विचार इथे पोथीपुरता राहत नाही.

परसबागेत हे खत देण्याची पद्धत सोपी आहे. दोडक्याच्या वेलापासून हातभर अंतरावर दीड फूट खोल खड्डा घेतात. त्यात रोहूची डोकी आणि आतडी टाकून वर उसाचे पाचट किंवा वाळका पाला पसरतात, माती लोटतात आणि शेवटी एखादी फरशी ठेवतात. फरशी नसेल तर रात्रीतून कुत्री किंवा मुंगूस खड्डा उकरतात आणि वास शेजारच्या अंगणापर्यंत जातो. खारवलेली मासळी वापरायची नसते, कारण कृष्णाकाठच्या बऱ्याच जमिनी आधीच क्षारपड झालेल्या आहेत. दुसरी पद्धत द्रवखताची. माशाचे तुकडे आणि तितक्याच वजनाचा गूळ बरणीत तीन-चार आठवडे आंबवतात आणि गाळलेला अर्क भरपूर पाण्यात मिसळून देतात.

भारतीय परंपरेला ही कल्पना नवी नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे आणि बीजसंस्कारात प्राणिज चरबीचा वापर सांगितलेला आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात कुणपजल नावाचे द्रवखत येते. कुणप म्हणजे प्रेत. मांस, मज्जा, मासे असे पदार्थ पाण्यात शिजवून व कुजवून ते करायचे असते. म्हणजे ज्या संस्कृतीने अहिंसेचा सूक्ष्म विचार केला, तिनेच मृतदेहापासून खत करण्याचे शास्त्रही लिहून ठेवले. ही विसंगती वाटली, तरी दोन्ही परंपरांचे विषय वेगळे होते. वृक्षायुर्वेदाला झाडाचे आरोग्य पाहायचे होते, तर श्रावकाचारांना, म्हणजे जैन गृहस्थाचे आचार सांगणाऱ्या ग्रंथांना, माणसाचे आचरण.

पदार्थाच्या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सरळ आहे. वनस्पतीची मुळे मासा खात नाहीत. जमिनीतले जीवाणू प्रथिनांचे विघटन करतात आणि मुळे मुख्यतः अमोनियम व नायट्रेटच्या रूपात नत्र घेतात. शेणातून आलेला नायट्रेट आणि माशातून आलेला नायट्रेट यांत वनस्पतीला फरक नसतो. जैन तत्त्वज्ञानाच्या भाषेत पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, टिकते आणि त्याचे पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात. मासा हा एक पर्याय, माती दुसरा, दोडका तिसरा. एका पर्यायाचा दोष द्रव्याला कायमचा चिकटला असता, तर कोणतेही धान्य शुद्ध राहिले नसते. प्रत्येक शेतात किडे, पक्षी आणि गुरे मरून मिसळलेली असतातच. म्हणून पदार्थ म्हणून पाहिला, तर दोडका शाकाहारीच राहतो.

कर्माचा प्रश्न इतक्यात मिटत नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे असावधपणाशी, जोडलेली आहे. जैन आचारशास्त्र हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार करते. गृहस्थाने संकल्पी, म्हणजे हेतुपुरस्सर केलेली, हिंसा सोडायची असते. शेतीतली हिंसा उद्योगी, म्हणजे उपजीविकेच्या कामात घडणारी, म्हणून सहन केली जाते, तीही शक्य तितकी कमी करून. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे केलेले, करवलेले आणि मान्यता दिलेले, असे तिन्ही प्रकारचे कर्म बांधते. मनुस्मृतीही मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, विकणारा, विकत घेणारा आणि खाणारा यांना घातकांत धरते. बौद्ध विनयात, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे भिक्षूने पाहिले, ऐकले किंवा त्याला तसा संशय आला, तर ते मांस त्याला वर्ज्य ठरते.

या कसोट्या लावल्या की टाकाऊ भाग आणि विकतचे खत वेगळे पडतात. शेजारच्या घरी कालवणासाठी मासा आलाच होता आणि त्याचे कल्ले उकिरड्यावर जाणार होते. ते खड्ड्यात गेले म्हणून एकही मासा जास्त मरत नाही. बाटलीबंद मत्स्यअर्क विकत घेतला, तर मागणी निर्माण होते. खरेदीदार मग कारित आणि अनुमोदित हिंसेच्या जवळ जातो.

‘मेलेलेच आहे, मग दोष कसला’ या युक्तिवादालाही जुने उत्तर आहे. दहाव्या शतकातले दिगंबर आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात आपोआप मेलेल्या प्राण्याच्या मांसाचाही विचार केला आहे. त्या मांसात सतत सूक्ष्म निगोद जीव उत्पन्न होतात, म्हणून त्याच्या सेवनातही हिंसा आहे, असे ते मांडतात. हे विवेचन खाण्याबद्दल आहे, खताबद्दल नाही. पण त्यातला तर्क कुजणाऱ्या सर्वच पदार्थांना लावला, तर शेणखताचा खड्डाही त्यातून सुटत नाही. म्हणून व्रतधारी श्रावक मासळीचे खत टाळतो, तेव्हा त्याचे कारण जीवांच्या हिशोबापेक्षा नियमात असते. हत्येतून आलेल्या वस्तूशी आपला संबंध ठेवायचा नाही, हा तो नियम. अशा त्यागाला नत्राच्या रसायनशास्त्राने उत्तर देता येत नाही आणि त्याची गरजही नसते.

हा विचार सार्वजनिक धोरणापर्यंतही पोचला आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्रीय कृषी मंत्रालयाने प्राणिज स्रोतांपासून बनवलेल्या ११ जैव-उत्तेजकांची मान्यता काढून घेतली. त्यांत कोंबडीची पिसे, जनावरांची कातडी आणि मासे यांपासून मिळवलेल्या प्रथिनांची उत्पादने होती. या निर्णयामागे धार्मिक आणि आहारविषयक आक्षेप होते. निर्णय विक्रीच्या मालाबद्दल होता. घरच्या परसात खवले पुरण्याशी त्याचा संबंध नाही.

शेवटी उरतो तो सत्याचा भाग. मासळीच्या खतावर वाढलेली भाजी स्वतःच्या घरी खाल्ली, तर प्रश्न त्या घरापुरता राहतो. तीच भाजी माळकरी शेजाऱ्याला दिली किंवा बाजारात विकली, तर घेणाऱ्याला खत कशाचे ते कळले पाहिजे. दोडका अशुद्ध नसला, तरी तो घ्यायचा की नाही हे घेणाऱ्याच्या व्रतावर ठरते. ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती खड्डा खणणाऱ्याकडेच असते, म्हणून ती सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.