समुद्र निळा कोणासाठी

मुंबईचा समुद्र निळा नाही. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं, तरी चित्र काढायला बसलं की हात निळ्या खडूकडेच जातो. मोठ्या माणसांनीही या बाबतीत फार डोळे उघडे ठेवले होते असं नाही. आकाशाच्या निळाईचं गणित मांडणारे लॉर्ड रॅले यांनी समुद्राचा प्रश्न जवळजवळ झटकून टाकला होता. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेलं आकाश, त्यात पाण्याचं स्वतःचं काही नाही, असं त्यांचं मत.

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना रॅले यांचं म्हणणं पटेना. जवळ निकोलचा लोलक होता. पाण्यावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा उजेड ध्रुवित असतो, आणि लोलक योग्य तेवढा फिरवला की तो अडवता येतो. रामन यांनी डेकवरून आकाशाचं प्रतिबिंब असं पुसून टाकलं. रॅले बरोबर असते तर उरलेलं पाणी फिकं दिसायला हवं होतं. ते अधिकच गहिरं दिसलं. निळाई पाण्याच्या पोटातून येत होती. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकासाठी टिपण तयार होतं. समुद्र स्वतःच निळा असतो हा निष्कर्ष आपल्या गढूळ बंदरातून जगाकडे रवाना झाला, याची मला नेहमी मौज वाटते.

रामन यांचा भर विकिरणावर होता. तरंगलांबी जितकी कमी तितका उजेड रेणूंवर आदळून अधिक विखुरतो, आणि तोही चौथ्या घाताच्या हिशेबाने: ४०० नॅनोमीटरचा जांभळा किरण ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा नऊपटींहून थोडा जास्त. पण यात पाण्याची आणखी एक खोड मिसळलेली आहे. पाणी तांबडा उजेड गिळतं. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन-ऑक्सिजनचे बंध सतत कंप पावत असतात. त्यांची मूळ कंपनं अवरक्तात, आपल्या नजरेच्या फार पलीकडे आहेत; पण तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वरासोबत वरचे स्वरही निघावेत तशी या बंधांचीही वरची कंपनं असतात, आणि त्यांची शेवटची क्षीण टोकं तांबड्या प्रकाशाला येऊन भिडतात. परिणाम मात्र क्षीण नाही. ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड स्वच्छ पाण्याच्या एका मीटरमध्येच जवळजवळ निम्मा होतो, तर निळा त्याच मीटरमध्ये शेकडा एकही घटत नाही. रायगड जिल्ह्यात थळला जे जड पाणी तयार होतं त्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ बसलेला असतो. कंपनं मंदावतात, त्यांची वरची टोकं तांबड्यापर्यंत पोचत नाहीत आणि निळसर झाकही जाते. रंगासारखी दिखाऊ गोष्ट अणूच्या वजनावर ठरावी, हे मला कुठल्याही इंद्रधनुष्यापेक्षा अधिक थक्क करणारं वाटतं.

तर उजेड पाण्यात उतरू लागला की पहिली जकात तांबड्याकडून वसूल होते. वीसेक मीटर खाली बुडी मारणाऱ्याचं बोट खरचटलं तर रक्त हिरवट काळं दिसतं. आता वनस्पतीची अडचण पाहा. तिला निळ्याबरोबर नेमका तांबडाही हवा असतो. ते दाखवलं थिओडोर एंगेलमान यांनी, उट्रेख्तमध्ये, १८८२ साली. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाचा एक तंतू ठेवून त्यांनी त्यावर लोलकातून फुटलेला सप्तरंगी पट्टा पाडला आणि पाण्यात प्राणवायूला हपापलेले जीवाणू सोडले. जीवाणूंची गर्दी दोन ठिकाणी झाली, तांबड्यात आणि निळ्यात. हिरव्या पट्ट्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. कोणता किरण कामाचा याची नोंद करायला त्यांनी मोजपट्टी न घेता भुकेला लावलं. प्रयोगशाळेच्या इतिहासात इतकी देखणी युक्ती क्वचितच सापडेल.

पण समुद्रात तांबडा आधीच संपलेला. लाल शेवाळांनी त्यावर तोड काढली. त्यांच्यातलं लालसर द्रव्य खाली उरलेला हिरवा आणि निळसर हिरवा उजेड टिपतं आणि हरितद्रव्याच्या हवाली करतं. एंगेलमान यांनी यावरून खोलीनुसार शेवाळांचे रंग पायऱ्यांसारखे मांडले होते. तो जिना नंतर डळमळला, कारण हिरवी शेवाळंही बरीच खोल सापडतात. तरी बहामाजवळ तब्बल २६८ मीटरवर खडकाला चिकटून वाढणारं शेवाळ सापडलं, ते लालच निघालं.

त्याखालचे प्राणी लाल का असतात याचं कारण नेमकं उलटं आहे. खोल पाण्यातल्या अनेक कोळंब्या भडक लाल. जिथे फक्त निळा उजेड उरला, तिथे तो परत न फेकणारं अंग काळ्याहून वेगळं दिसत नाही, म्हणून बाजारातला सर्वांत चटकन डोळ्यात भरणारा रंग तिथे बुरख्याचं काम करतो. तिथल्या माशांचे डोळे निळ्यालाच जुळलेले, तिथले प्राणी स्वतः चमकतात तेही बहुधा निळेच. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कधी लाट फुटताना निळी ठिणगी दिसते ती त्याच घराण्यातली. या सर्वसंमत व्यवहाराला एक ड्रॅगनफिश, मॅलाकॉस्टिअस, जुमानत नाही. त्याच्या डोळ्याखाली तांबडा उजेड फेकणारं इंद्रिय आहे. इतरांना तो दिसत नाही आणि याला दिसतो, कारण त्याच्या डोळ्याच्या पडद्यात हरितद्रव्याच्या कुळातलं एक द्रव्य आहे. मासा ते स्वतः घडवू शकत नाही, बहुधा खाण्यातूनच येतं. पानाने सूर्याचा तांबडा पकडायला वापरलेली हिकमत सूर्य न पोचणाऱ्या अंधारात शिकाऱ्याच्या डोळ्यात जाऊन बसली.

आपला डोळाही याच पाण्याचा देणेकरी. पाणी अतिनील गिळतं, अवरक्त तर कडाडून गिळतं; मधली जी चिंचोळी खिडकी उघडी राहते तिलाच आपण दृश्य प्रकाश म्हणतो. सगळं श्रेय पाण्याला देऊ नये. रेणूतल्या इलेक्ट्रॉनना हलवायला पुरेल पण बंध मोडायला सहसा पुरणार नाही एवढीच ऊर्जा याच पट्ट्यात असते. तरी पहिले डोळे समुद्रात उघडले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

किनाऱ्याचं पाणी मात्र वेगळा हिशेब ठेवतं. कुजलेल्या पानांतून नद्यांबरोबर वाहत येणारी पिवळसर द्रव्यं आणि सूक्ष्म वनस्पती निळाच आधी खातात, वर गाळ आहेच, म्हणून आपला समुद्र हिरवट मातकट. ही गोष्ट पुढे देवमाशांपर्यंत जाते. देवमासे, डॉल्फिन आणि सील यांच्या डोळ्यांतल्या निळ्याला जुळलेल्या शंकुपेशी निकामी झालेल्या आढळतात. जमिनीवरून समुद्रात परतताना त्यांच्या पूर्वजांचा मुक्काम आधी अशाच निळा न उरलेल्या किनारी पाण्यात पडला असावा आणि बिनकामाची पेशी तिथेच सुटली असावी, असं एक अनुमान आहे. पुढे ते खुल्या महासागरात गेले, पृथ्वीवरच्या सर्वांत निळ्या जागी. सुटलेली पेशी परत आली नाही.